सतरंजीवरचं सोंग

आम्ही मुंबईतून, पवईहून बोलतोय. माइकसमोर एकच जण आहे, पण बोलणं गटाचं आहे, म्हणून सारखं ‘आम्ही, आम्ही’ ऐकू येईल. काय बोलायचं ते शनिवारच्या बैठकीत ठरलं. दोघींचं मत वेगळं पडलं, तेही मधे सांगू.

पवई म्हटलं की कुणाला आयआयटी आठवते, ती १९५८ साली सुरू झाली. कुणाला हिरानंदानीच्या उंच इमारती आठवतात, सिरियलमध्ये दिसतात त्या. या दोन्हींच्या मधे, मागे, टेकडीच्या उतारावर आमच्यासारख्यांची घरं आहेत. आमच्यात सातारची आहे, जालन्याची आहे, बीडची आहे, रत्नागिरीच्या तर चौघी आहेत. तलावही आहे. १८९१ साली मुंबईला प्यायला पाणी मिळावं म्हणून तो बांधला. पण ते पाणी पिण्याजोगं निघालं नाही. आज ते कारखान्यांकडे आणि आरे कॉलनीकडे जातं. म्हणजे तलाव दारात आणि बाई हंडा घेऊन रांगेत. हे आत्ताच सांगून ठेवलं, पुढे लागणार आहे.

आजचा विषय खेळाचा. लहान मुलांच्या नाही, मोठ्या बायकांच्या. तुम्ही म्हणाल, इथे भाकरी थापायला वेळ पुरत नाही आणि या खेळ काय सांगतात. ऐका तर खरं.

आमच्या गटातल्या एक काकू वरच्या इमारतीत स्वयंपाकाला जातात. एका घरी दर रविवारी सहा-सात तरुण मुलं-मुली जमतात. जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, समोर कागद, पेन्सिली आणि फासे. फासे आपल्या लुडोसारखे नाहीत, कुणाला आठ बाजू, कुणाला वीस. काकू सांगत होत्या, “एक पोरगी म्हणते, ‘मी आता दार फोडते.’ मी पोळी तव्यावर टाकून धावले, म्हटलं कुठलं दार? तर ती जागची हललीच नाही! नुसता फासा टाकला. मग दुसरा म्हणाला, ‘दार फुटलं, आत अंधार आहे.’ आणि सगळी घाबरली. ट्यूबलाइट चालू असताना!” बैठकीत आमची हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवशी वसुली राहिली बाजूला.

नंतर त्यातलीच एक मुलगी काकूंच्या सांगण्यावरून आमच्या बैठकीला आली. आम्ही तिला चहा दिला आणि विचारलं, हे काय असतं गं? तिने समजावलं ते असं. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी वैद्य. एक जण सोंग घेत नाही, तो गोष्ट चालवतो. आपल्या नाटकातला सूत्रधार म्हणा. सूत्रधार सांगतो, तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलात, समोर गुहा आहे, काय करता? मग ज्याने त्याने सांगायचं, माझं सोंग काय करतं ते. जे होईल की नाही याची खात्री नाही, तिथे फासा टाकायचा. बस. जिंकणं-हरणं नाही, पट असलाच तर असतो, नसला तर नसतो. गोष्ट पुढे जात राहते.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापून आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन अशा दोघांनी केला. त्याचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे तळघरं आणि राक्षसी अजगर. पण आम्हाला त्याच्याही आधीची हकीकत जास्त आवडली. त्याआधी तिकडे पुरुष मंडळी टेबलावर शिशाचे शिपाई मांडून लढाया खेळायची. एकाच्या हाती हे सैन्य, दुसऱ्याच्या हाती ते. १९६०च्या दशकाच्या शेवटी शेवटी डेव्हिड वेस्ली नावाच्या एकाने त्यात बदल केला. त्याने एक गाव मांडलं आणि सैन्य वाटण्याऐवजी माणसं वाटली. तू नगराध्यक्ष, तू सावकार, तू विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं. खेळणारे लगेच कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, एकमेकांना फितवायला लागले. आर्नसन त्याच मंडळींतला. म्हणजे बघा, अजगर नंतर आला. आधी आली ती गावची पंचायतच.

आता हे आपल्याला नवीन आहे का? सोंग घेणं आपल्याला कुणी शिकवायला नको. लहानपणी भातुकलीत आपण सासू झालो, पाहुणी झालो, ओरडणारी मास्तरीण झालो. मंगळागौरीला, भोंडल्याला सासरची सगळी माणसं एकेक करून खेळात ओढली जातात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात. एकनाथ महाराजांचं तर काय सांगावं. पैठणचे ब्राह्मण, पण भारुडात ते कधी जोगवा मागणारी झाले, कधी आंधळे झाले, कधी जोहार घालणारे महार झाले. चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या तोंडाने बोलून दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती. फासेही आपलेच. सारीपाट, कवड्या, आणि सापशिडीचा जुना मोक्षपट तर ज्ञानेश्वर महाराजांच्या नावावर सांगतात.

फाशावरून मात्र आमच्यात वाद झाला. आमच्यात एक आजी आहेत, जालन्याच्या. त्या म्हणाल्या, “फाशाने द्रौपदी लागली होती पणाला. मी हात लावायची नाही.” आम्ही म्हटलं, आजी, इथे पैसा नाही, पण नाही. त्या म्हणाल्या, तरी नाही. त्या आजही खेळतात, सगळ्यांत रंगून खेळतात, पण त्यांच्या वाटचा फासा शेजारची टाकते. वाईट पडला की तिलाच बोलणी बसतात.

त्या मुलीने पहिल्यांदा आम्हाला तिचाच खेळ खेळून दाखवला. डोंगर, गुहा, आत अजगर आणि त्याच्याखाली सोन्याचा ढीग. तिला वाटलं आम्ही तलवारी काढू. एका वहिनीने विचारलं, “तो खातो काय?” मुलगी म्हणाली, गावातली गुरं. “मग रोज एक बकरं आम्ही गुहेशी आणून देतो, त्याने गावात यायचं नाही. आणि बकऱ्याचे पैसे त्याच्या सोन्यातून.” मुलीने फासा टाकायला लावला, चांगला पडला, अजगर तयार झाला. मग पुढचा दीड तास सोन्याची वही कोण ठेवणार, किल्ल्या किती जणींकडे, आणि अजगराला सभासद करून घ्यायचं का, यावर गेला. मुलगी म्हणाली, मी सहा वर्षं हा खेळ खेळते, एवढा हिशेब कुठल्याच अजगराचा झाला नाही.

ते सगळं झालं हसण्यावारी. पण घरी जाताना दोघी-तिघींच्या मनात तेच आलं, की डोंगर-गुहा कशाला? आपली वस्तीच मांडू.

पुढच्या शनिवारी सतरंजीवर जुनं कॅलेंडर पालथं घातलं. खडूने वस्ती काढली. नळ, रेशनचं दुकान, शाळा, सार्वजनिक संडास, बालवाडी आणि खाली रस्त्यापलीकडे विभाग कार्यालय. तुमच्याकडे ग्रामपंचायत, तसं आमच्याकडे हे. चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी. मी कोण, मला काय हवं, आणि मी कुणाला काय सांगत नाही. तिसरी ओळ फार कामाची. उदाहरणार्थ, ‘मी रेशन दुकानदार. मला रांग लवकर संपवायची आहे. गोदामातून माल कमी आला हे मी सांगत नाही.’ नियम दोनच. फासा लुडोचा, चार किंवा जास्त पडलं तर काम होतं. आणि कागद बरोबर असेल तर एक गुण जास्त, सोबत दुसरी बाई असेल तर आणखी एक. हा नियम आम्ही अनुभवावरून केला. एकटी गेलेल्या बाईला आणि चौघी मिळून गेलेल्यांना एकच माणूस किती वेगवेगळ्या आवाजात बोलतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पहिला डाव पाण्याचा. वस्तीत वरच्या अंगाला नळजोडणी नाही, पंधरा घरांनी मिळून अर्ज करायचा. अधिकाऱ्याची चिठ्ठी आमच्यातल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या बाईला आली. ही बाई हिशेबात पाच रुपये जास्त आले तरी दोनदा परत करायला येते. तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, बाकीच्या खाली सतरंजीवर. आणि काय सांगावं! पहिली अर्जदार आली, तर ही वर बघेचना. कागदात बघते आहे. मग म्हणाली, “साहेब जेवायला गेलेत.” अगं, साहेब तूच! “मग उद्या या.” दुसरी आली तर, “याची झेरॉक्स कुठंय?” तिसरी आली तर, “हा विषय माझ्याकडे येत नाही.” कुणी तिला शिकवलं होतं? सतरंजीवर बसलेल्या बाया आधी हसल्या, मग चिडल्या. एकीने तर खरोखरच आवाज चढवला.

डाव संपल्यावर तिला विचारलं, असं का केलंस? आम्हाला वाटलं म्हणेल, नक्कल केली. ती जे म्हणाली ते आम्ही वहीत लिहून ठेवलंय. म्हणाली, “अर्ज हातात घेतला की सही करावी लागेल. सही केली की पुढे काही झालं तर विचारणार मलाच. न घेतलेला अर्ज कुणाचाच नसतो.”

आम्ही इतकी वर्षं कार्यालयांच्या पायऱ्या चढतोय. आम्हाला वाटायचं, ही माणसं उद्धट आहेत, किंवा पैसे हवेत. तसेही असतात, नाही असं नाही. पण खुर्चीवर दहा मिनिटं बसलेल्या आमच्याच बाईने दाखवलं की आत भीतीही असते. आणि एकदा ती दिसली की बोलणं बदलतं. दुसऱ्या डावात बायांनी ‘आमचं काम करा’ असं म्हटलंच नाही. म्हणाल्या, “तुम्ही काही ठरवू नका साहेब. फक्त अर्ज मिळाला एवढा शिक्का द्या. नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी द्या.” खुर्चीवरच्या बाईला यावर पळवाट सापडेना.

हे नुसतं खेळातलं शहाणपण नाही, याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात जाहीर केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, अर्जाची पोच द्यावी लागते, नाकारलं तर कारण लेखी कळवावं लागतं, आणि वर तीन अपिलं आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही नाहीत. पाण्याचं म्हणाल, तर १५ डिसेंबर २०१४ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, वस्ती बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हक्क समितीने ती याचिका केली होती. इमारतीतल्यासारखं, त्याच दराने द्या असं कोर्टाने म्हटलं नाही, पण पाणी द्या असं म्हटलं. हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. फायलीत छापील कागदही होता. पण डोक्यात शिरलं ते सतरंजीवर.

तीन डाव झाल्यावर आम्ही खरोखर गेलो. पाच जणी. कोण आधी बोलणार, कोण कागद काढणार, साहेब ‘उद्या’ म्हणाले तर कोण काय म्हणणार, सगळं ठरलेलं. बोलणारी होती तीच, जी खेळात अधिकारी झाली होती. एरवी ही बाई बँकेत नाव विचारलं तरी अडखळते. तिथे ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही आज ठरवू नका. पोच तेवढी द्या.” समोरच्या गृहस्थांनी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा शिक्का मारला. खाली पायऱ्यांवर आल्यावर ती म्हणाली, “मला माहीत होतं ते आता झेरॉक्स विचारणार.” आणि पिशवीतून चार प्रती काढून दाखवल्या.

पाणी आलं का? नाही. अजून नाही. पोचपावती आहे, तिच्यावर तारीख आहे, मुदत उलटल्यावर पहिलं अपील केलं आहे. टँकर येतो तेव्हा रांग लागते, अजूनही लागते. हे खोटं सांगून काय मिळणार?

आता राजकारण. बचत गटात पहिल्या दिवशी सांगतात, बायांनो, गटात राजकारण आणू नका. आमचं मत जरा वेगळं आहे. पक्ष गटात आणू नये, हे शंभर टक्के खरं. वेगवेगळ्या झेंड्याच्या बाया एका वहीत बचत करतात, ती वही टिकली पाहिजे. पण पाणी कुणाला मिळतं, कुणाला नाही, हे ठरतं ते राजकारणातच. ते आणू नका म्हटलं तर बोलायचं काय, पापडाचं पीठ? इथेच दोघींचं मत वेगळं पडलं. त्यांचं म्हणणं, आज पाण्याचं बोलाल, उद्या कुणीतरी उमेदवार होईल, परवा गट फुटेल. त्यांनी फुटलेले गट पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आहे. वाद मिटलेला नाही.

निवडणूक आली की गटांचे भाव वाढतात, हे गावातही तसंच असणार. हळदीकुंकू काय, वाण म्हणून डबे काय, देवदर्शनाच्या बस काय. आम्ही हाही डाव मांडला. दोघी उमेदवार, बाकीच्या मतदार. उमेदवारांनी काहीही आश्वासन द्यायचं, पण एक नियम. प्रत्येक आश्वासन चिठ्ठीवर लिहून वरवंट्याखाली ठेवायचं. दहा फासे झाले की वरवंटा उचलायचा. पहिल्या डावात एकीने सोळा आश्वासनं दिली. वरवंटा उचलल्यावर वाचून दाखवली, तर तिलाच त्यातली सात आठवेनात. दुसऱ्या डावात तिने दोनच दिली, आणि ‘कधीपर्यंत’ हेही लिहिलं. मतं तिला कमी पडली, हेही सांगायला पाहिजे. बायांनी सोळावालीलाच निवडून दिलं होतं!

आणखी एक डाव परिस्थितीनेच आम्हाला दिला. मुंबई महानगरपालिकेत २२७ नगरसेवक असतात, त्यातल्या ११४ जागा बायकांच्या. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाच्या हाती. आम्ही म्हटलं, खेळातही नगरसेविकेची चिठ्ठी काढून टाकू, बघू काय होतं. पहिले दोन-तीन फासे काही जाणवलं नाही. मग हळूहळू सगळ्या बाया एकाच खुर्चीसमोर येऊन थांबल्या. नळाची, संडासाची, कचऱ्याची, दिव्याची. खुर्चीवरची बाई म्हणाली, “मला दमायला होतंय, मधे कुणीतरी हवं.” एक काकू, ज्या एरवी ‘सगळे पुढारी सारखेच’ म्हणतात, त्या म्हणाल्या, “सारखे असले तरी शिव्या द्यायला एक ओळखीचं तोंड हवं गं.”

खेळातून खरोखर राजकारण करता येतं का? दूर ब्राझीलमध्ये एकाने केलंय. आउगुस्तो बोआल हे नाटकवाले गृहस्थ. त्यांच्या नाटकात बघणारा माणूस उठून पात्राची जागा घ्यायचा आणि म्हणायचा, मी असतो तर असं केलं असतं. हे बोआल १९९३ ते १९९६ रिओ द जानेरो शहराचे नगरसेवक होते. वस्त्यांमधून, म्हाताऱ्यांच्या मंडळांमधून नाटकं करून घेतली, लोकांनी उठून जे सुचवलं त्यातून प्रस्ताव तयार केले, आणि त्यातले १३ कायदे झाले. आपल्याकडे लगेच असं होईल असं आम्ही म्हणत नाही. पण तुम्हा गावातल्या बायांकडे एक गोष्ट आहे जी आम्हा शहरातल्यांकडे नाही. ग्रामसभा. आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं महाराष्ट्राच्या कायद्यातच आहे. ती कागदावरच होते, सह्या घरी फिरवून घेतात, हे आमच्या माहेरच्या बाया फोनवर सांगतात. ती सभा खरोखर भरवायची असेल तर आदल्या रात्री एकीच्या ओसरीवर हा डाव मांडून बघा.

घरचेही डाव आम्ही खेळलो, आणि खरं सांगायचं तर ते जास्त अवघड गेले. सून सासू होते, सासू सून होते, यात हसू आहे. पण एकदा एका ताईला ‘नवरा’ अशी चिठ्ठी आली. नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणारा नवरा. सगळ्या वाट बघत होत्या, आता ही आरडाओरडा करणार. ती आली, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली आणि काही बोललीच नाही. बायको झालेली विचारतेय, आज किती मिळाले? भाजीला द्या. पोराची फी राहिलीय. ही गप्प. शेवटी म्हणाली, “आज काम नाही मिळालं.” एवढंच. आणि खोलीत कुणी बोलेना. त्या ताईचा खरा नवरा नाक्यावरच जातो. तिने नंतर काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही नवऱ्यांची बाजू घेता? तसं नाही. मार खाणाऱ्या बाईला ‘त्याच्या जागी जाऊन बघ’ असं सांगणं हा दुष्टपणा आहे. म्हणून आमच्याकडे मारहाणीची, दारूची चिठ्ठी नाही, ते विषय समुपदेशन केंद्राचे आणि १८१ हेल्पलाइनचे. आणि एक नियम अगदी पहिल्यापासून आहे. सतरंजीच्या मधे एक कागद असतो, त्यावर फुली. कुणालाही डाव नकोसा झाला तर तिने फुलीवर हात ठेवायचा. डाव तिथेच थांबतो. कारण विचारायचं नाही, नंतर चहाच्या वेळीही नाही. ही पद्धत शहरातले खेळणारेही पाळतात, त्या मुलीनेच सांगितली.

खेळाचा एक परिणाम गटावरही झाला, तो आम्हाला अपेक्षित नव्हता. खुर्चीत बसलं की कशी बाईसुद्धा ‘उद्या या’ म्हणते, हे सगळ्यांनी पाहिलं. मग एकीने सहज विचारलं, “आपल्या गटाची अध्यक्ष किती वर्षं तीच आहे?” नियमाप्रमाणे बदलायची असते, पण लिहिता-वाचता येणारी एकच, बँकेत ओळख तिचीच, म्हणून बहुतेक गटांत तीच राहते. हे फक्त आमच्याकडेच नाही, तुमच्याकडेही बघा. कर्ज मागायला सगळ्यात गरीब बाई अध्यक्षाच्या दारात उभी राहते तेव्हा तिला काय ऐकायला मिळतं, याचा डाव कुठल्याही गटाने खेळावा असं आमचं मत आहे. आमच्याकडे आता दर वर्षी अध्यक्ष आणि सचिव बदलतात. नवी अध्यक्ष अंगठा लावते. वही दुसरी लिहिते, आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवते, त्यामुळे आकडे सगळ्यांना पाठ झालेत.

ज्यांना खेळून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं. दहा-बारा जणी पुरेत, जास्त असतील तर गोंधळ होतो. फासा नसेल तर सहा चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करा, किती पांढरे पडले ते मोजा. सूत्रधार बडबडी नको, ऐकणारी हवी. वाचता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठीवर चित्र काढा, आमच्याकडे अधिकारी म्हणजे खुर्ची, दुकानदार म्हणजे तराजू. एका डावाला एकच विषय घ्या. पाणी तर पाणी, रोजगार हमी तर रोजगार हमी. आणि खुर्चीवर प्रत्येकीला बसवा, कुणी नको म्हटलं तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

एक चिठ्ठी मात्र मुद्दाम वेगळी करा. आमच्याकडे ती ‘नगरसेविकेचा नवरा’ आहे. पंचायतीत १९९३ नंतर बायकांना एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या, पण खुर्चीच्या शेजारची खुर्ची कोणाची असते ते तुम्ही रोज बघता. तुम्ही त्यावर ‘सरपंचाचा नवरा’ लिहा. आमच्या जालन्याच्या आजींना ही चिठ्ठी आली होती. त्या उठल्या, पदर खोचला, सगळ्यांच्या आधी खुर्ची ओढून घेतली आणि बायको झालेलीला म्हणाल्या, “तू सही कर, काय लिहिलंय ते मी नंतर सांगतो.” चिठ्ठ्या मिसळताना ती जरा घट्ट घडी घालून खाली दडवा. एकदा खेळून झालं की सगळ्या जणी तीच शोधतात.